बाईंची चार चाकं

आमच्या घरमालकीण बाई गाडीचं तोंड कधी बघत नसत, चाकं बघत. इचोड्याच्या रोडवर आम्ही दोघी भाजी घ्यायला उभ्या असलो की नागपूरकडून ट्रकामागून ट्रक यायचे. मी आपली ट्रकात काय माल भरलाय ते बघायची. बाईंची मान खाली. "अक्का, त्याच्या मागच्या चाकाले एक नट नाही," म्हणायच्या. आणि तो ट्रक पुढच्या ढाब्यावर थांबला, तर भाजीची पिशवी माझ्या हातात देऊन थेट बाजेपाशी, जिथे ड्रायव्हर जेवायला बसलेला असे तिथे. जेवता माणूस उठवायच्या. तो बिचारा तोंडातला घास तसाच ठेवून चाकाकडे जायचा, कारण आवाज मुख्याध्यापिकेचा. ड्रायव्हर पंजाबातला असो की तमिळ, तो आवाज ऐकला की त्याला आपली शाळा आठवायची.

आमचं नातं आधी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही कोण. त्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि मी त्याच शाळेत दुपारचा भात करणारी. वयानं मी थोरली म्हणून त्या मला अक्का म्हणायच्या, हुद्द्यानं त्या मोठ्या म्हणून मी त्यांना बाई. माझे मालक वारल्यावर बाईंनी आपल्या घराच्या मागच्या दोन खोल्या मला राहायला दिल्या, आणि त्या रिटायर झाल्या तरी आम्ही एकाच अंगणात राहिलो. आता त्या आदिलाबादला भाचीकडे राहायला गेल्यात. मी शाळेत गेलेली नाही. भात शिजेपर्यंत वर्गाच्या खिडकीशी उभी राहून जे कानात पडलं, डोळ्यात पडलं, तेवढ्यावर हे लिहिते आहे. चुकलं तर बाईंना कळवू नका.

लग्न त्यांनी केलं नाही. का नाही केलं असं कोणी विचारलं तर म्हणायच्या, "तवा परीक्षा चालू होत्या." पुढे विचारायची कोणाची हिंमत होत नसे.

बोलणं त्यांचं दोन तऱ्हेचं. घरात आमच्यासारखंच, मले-तुले, हे करून राह्यली, ते करून राह्यली. राग आला की मात्र पुस्तकातली मराठी निघायची. "आपण हे काय करीत आहात?" एवढं गल्लीत ऐकू आलं की लोक उगाच काही आठवल्यासारखं करून आपापल्या घरात जायचे.

रिटायर झाल्यावर लोक प्लॉट घेतात, सोनं घेतात. बाईंनी गाडी घेतली. जुनी, पांढरी, भीमपूरकडच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलानं वापरलेली. चालवायला आधी शिकल्या, मग गाडी घेतली. कापसाचा हंगाम सरला की मार्केट यार्ड रिकामं पडतं, तिथं रोज सकाळी गोल गोल फिरत शिकल्या. चालवायच्या कशा, तर विजेच्या प्रत्येक खांबाला हॉर्न वाजवून. मी एकदा विचारलं, बाई, खांब काय बाजूला होणार आहे? तर म्हणाल्या, खांबामागं बकरी असते. गाडी सपाट जागेवर लावली तरी चाकामागे विटा लावायच्याच. बाजारहत्नूरला एका बारशाला गेलो होतो तर तिथल्या लोकांना वाटलं पाहुणीबाई विटा भेट घेऊन आली.

तर या गाडीची चाकं ॲल्युमिनियमची होती, पण त्या व्यापाऱ्याच्या पोरानं त्यांना काळा रंग मारला होता. फॅशन म्हणे. रबर काळं, चाकही काळं, लांबून बघितलं तर गाडी चार डांबराच्या गोळ्यांवर ठेवल्यासारखी दिसायची. बाईंना पहिल्या दिवसापासून ते खुपलं. "आतून चांदीसारखं हाय, अक्का, आन वरून काळं फासलं." रोडवरच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं की वरून चंदेरी रंग मारून देतो, काळं दिसणार नाही. बाई म्हणाल्या, रंगावर रंग नको, जे आहे ते दिसलं पाहिजे. आणि तिथून परत आल्या. चाकांचं काम मनात तसंच राहिलं होतं, ते उठलं जयंतीच्या निमित्तानं.

आमच्या वस्तीत नुसतं जयंती म्हटलं की कोणाची हे विचारावं लागत नाही. एप्रिल लागला की घराघराला चुना लागतो, निळे झेंडे शिवले जातात. संध्याकाळी विहारापासून बसस्टँडपर्यंत मिरवणूक जाते आणि परत येते. पुढे एक गाडी, तिच्यावर साहेबांची तसबीर, मागे पांढऱ्या साड्या नेसलेल्या आम्ही बाया पायी. पुढची गाडी कोणाची आणि ती चालवणार कोण, यावर आमच्याकडे होळीपासून बोलणं चालतं. आजवर कधी ट्रॅक्टर होता, कधी जीप होती. चालवणारा मात्र दरवेळी बाप्या.

त्या वर्षी विहारात बैठक बसली, तिथे बाई उठून म्हणाल्या, या वर्षी माझी गाडी पुढे राहील आणि चालवीन मी.

कमिटीचा अध्यक्ष म्हणजे बाईंचाच जुना विद्यार्थी. आता त्याचं खताचं दुकान आहे, पोट सुटलंय, गळ्यात जाड साखळी आहे, पण बाई समोर आल्या की शर्टाचं वरचं बटण लावतो. बाईंनी त्याला सातवीत विज्ञानात नापास केलं होतं. पुढल्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ त्याच्याच बाकावर येऊन बसला. ही गोष्ट त्या भावानं अध्यक्षाच्या लग्नात माईकवर सांगितली होती, म्हणजे नवरीलाही ठाऊक.

अध्यक्षानं त्या दिवशी गोड बोलून बघितलं. गाडी द्या बाई, मान तुमचाच, फक्त ड्रायव्हर आमचा पोरगा राहील. बाईंनी विचारलं, मग मान कोणाचा? बैठक हसली. अध्यक्ष जरा चिडला. म्हणाला, "आन गाडी तं पहा. चाकं काळी कुट्ट, जशी नालीतून काढली. तसबिरीखाली अशी चाकं बरी दिसतीन का?"

"चाकांचं मी पाहते," बाई म्हणाल्या. "चाकं झाली तं मी चालवीन. बोल."

सगळ्यांसमोर तो काय बोलणार? झाली तं झाली, म्हणाला. जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी येऊन बघून जातो, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी अंगणात पोतं अंथरलं, गाडी जॅकवर चढवली, खाली लाकडी ठोकळे सरकवले आणि पहिलं चाक काढून आणलं. रंग काढायचं जेलीसारखं औषध हार्डवेअरच्या दुकानातून आणलं होतं. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, नाकाला ओढणी, जुन्या ब्रशनं ते औषध चाकावर लावलं आणि वरून प्लास्टिकची पन्नी पांघरली. थोड्या वेळानं पन्नी काढली तर काळा रंग पापडासारखा फुगून आला होता. मला फार मजा वाटली. आता चमच्यानं खरवडायचं का, मी विचारलं, तर बाईंनी माझा हातच धरला. लोखंडाचा चमचा लागला तर आत ओरखडे पडतील. त्यांनी आपली शाळेतली प्लास्टिकची फूटपट्टी काढली आणि तिनं रंग उतरवला. त्या पट्टीनं किती पिढ्यांचे तळहात लाल झालेत हे मी जाणते. अध्यक्षाचेही त्यात आले.

रंग निघाला म्हणजे काम झालं असं मला वाटलं होतं. बाई म्हणाल्या, आता कुठं नाव दाखल झालं, शाळा पुढंच आहे. पाण्यात भिजवून घासायचा तो कागद असतो ना, त्याच्या पाठीवर नंबर असतो. नंबर लहान तर कागद खरखरीत, मोठा तर मऊ. बाईंनी त्या कागदांना वर्ग लावून दिले. सगळ्यात खरखरीत तो पहिलीचा, सगळ्यात मऊ तो दहावीचा. पहिलीच्या कागदाचे ओरखडे दुसरीच्या कागदानं पूर्ण जाईपर्यंत तिसरीचा कागद हातात घ्यायचा नाही. मी म्हणायची, बाई, चमक आली की, द्या वर ढकलून. तर त्या चष्मा कपाळावर सारून चाक उन्हात तिरकं धरायच्या आणि मला एक केसाएवढी रेघ दाखवायच्या. "हे पाह्य. हा पहिलीत कच्चा राह्यला. दहावीत गेला तरी हे दिसते." आणि चाक परत खाली.

बायांना तमाशा मिळाला. समोरची काकू रोज दळण निवडायला मुद्दाम आमच्या दारात यायची. एक दिवस म्हणाली, "म्याडम, इतकं तं मी माया नवऱ्याले कधी घासलं नाही." बाईंनी मान वर न करता सांगितलं, "म्हून तं तो तसा हाय." काकूच हसून हसून सुपासकट कलंडली.

मला मात्र बाई हात लावू देत नसत. पाणी आणून दे, सावली धर, पण घासू नको. तुझा हात पातेल्याचा आहे, म्हणायच्या, तो जोर लावतो. शेवटी पॉलिशचं मलम लावून कापसानं घासायची पाळी आली, तेव्हाही नाही. कापूस त्यांनी भीमपूरकडून आपल्या माहेरच्या शेतातला मागवला होता आणि एका चाकाला त्यातल्या बोंडाच्या टरफलाचा एक कण लागून अर्धा गोल ओरखडा पडला. ते चाक दोन वर्ग खाली बसवलं. मग कापूस निवडायचं काम माझ्याकडे आलं. पॉलिश लावून घासताना कापूस काळाशार होतो, मला वाटायचं चाक घाण सोडतंय. बाई म्हणाल्या, घाण नाही, ते ॲल्युमिनियमच निघतंय, एवढंसं. चमकायचं तर थोडं स्वतःचं जातं.

असं काही बोलून झालं की त्या लगेच इकडचं तिकडचं विचारायच्या, डाळीला फोडणी दिली का वगैरे. एकदाच, तिसरं चाक चालू असताना, आपल्या बापाचं बोलल्या. त्यांचे वडील एका पाटलाकडे सालदार होते. पाटील कुटुंबासह लग्नाला निघाले की छकड्याच्या चाकांना वंगण हे लावायचे, आणि मग गाडीत न बसता चाकाच्या बाजूनं चालत जायचे, सगळी वाट. "चाकाचं सारं त्याले समजे," बाई म्हणाल्या. "किरकिर आयकून सांगे कुठं काय झालं. पण वर नाही बसला कधी." आणि डाळीला फोडणी दिली का विचारलं. मी दिली होती, तरी नाही म्हटलं आणि उठून आत गेले, त्यांना जरा एकटं बसता यावं म्हणून.

तीन चाकं गाडीला लागली. चौथं सगळ्यात सुरेख झालं होतं, कारण तोवर हात बसला होता. अध्यक्ष येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी ते अंगणातल्या भिंतीला टेकवून ठेवलं, सकाळी बसवायचं म्हणून. आणि बाईंना आठवलं की आपल्या भिंतीला अजून चुना लागला नाही. साऱ्या वस्तीला लागला होता. जयंतीला आपलीच भिंत मळकी राहिली तर कसं, म्हणून त्यांनी चुन्याची बादली काढली, नीळ घातली आणि लागल्या. चाकावर चुन्याचे थेंब उडू नयेत म्हणून आपलं जुनं सुती लुगडं चार घड्या करून त्याच्यावर नीट पांघरलं. मी बघत होते. आम्हा दोघींनाही काही सुचलं नाही.

सकाळी त्यांनी लुगडं उचललं. चुन्याचं पाणी भिंतीवरून ओघळून त्या घड्यांमध्ये मुरलं होतं आणि ओलं लुगडं रात्रभर चाकाला चिकटून बसलं होतं. आरशासारख्या चाकावर राखाडी, खरबरीत चट्टे पडले होते, जसा अंगावर नायटा उठतो. बाईंनी बोटानं पुसून बघितलं. मग पदरानं. मग पोत्यावर मांडी घालून बसल्या.

"चुना हा अल्कली आहे," त्या म्हणाल्या. "त्याची ॲल्युमिनियमवर क्रिया होते. हा धडा मी शिकवला आहे."

पुस्तकातली मराठी होती. गल्लीत कोणावर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्वतःवर रागावल्या होत्या, आणि स्वतःपासून पळून दार लावून घ्यायला घर नसतं.

मी म्हटलं, बाई, हे चाक मागच्या बाजूला लावू, भिंतीकडल्या, आणि गाडी भिंतीला खेटून उभी करू. तो चार पावलांवरून बघेल आणि जाईल. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी परीक्षेत चिठ्ठी घेऊन बसल्यासारखी झाले. तेवढ्यात फाटक वाजलं आणि अध्यक्ष कमिटीच्या लोकांना घेऊन आत आला.

गाडीची तीन चाकं बघून तो थबकलाच. खरं सांगते, उन्हात ती इतकी चमकत होती की बघवत नव्हती. मग त्याला चौथी जागा रिकामी दिसली. बाई उठल्या आणि त्यांनी स्वतः ते चाक फिरवून त्याच्यापुढे केलं.

"हे नापास हाय. चूक मायी हाय. पाहून घे."

कमिटीतला एक जण पुटपुटला की चला, ड्रायव्हरचा प्रश्न सुटला. अध्यक्ष हसला नाही. तो उकिडवा बसला आणि अंगठ्यानं ते चट्टे चाचपायला लागला. मला त्याचा राग येऊन राहिला होता. बाई सरळ उभ्या होत्या, पण लुगड्याचा ओला पिळा हातात घट्ट धरलेला.

"सातवीत मले वर्षभर बसवलं होतं तुमी," तो म्हणाला.

"बसवलं."

"माया भाऊ माया बाकावर येऊन बसला. साऱ्या गावात हसू. तवा एक शब्द नाही बोलल्या तुमी."

"काय बोलणार होती? पेपर कोरा होता."

सगळे हसले, तोही हसला. उठून हात झटकले आणि म्हणाला, "तुमी मले वर्षभर बसवलं. मी तुमाले एक दिवस देतो. उद्या दुपारी येतो." फाटकापाशी गेल्यावर वळला. "पहिलीपासून घ्या, बाई."

बाईंनी खरंच पहिलीपासून घेतलं. आदिलाबादचं एप्रिलचं ऊन तुम्हाला माहीत असेल, नसेल तर न कळलेलंच बरं. त्या लिंबाखाली पोत्यावर बसल्या आणि सगळ्यात खरखरीत कागद पाण्यात बुडवला. समोरची काकू ताक ठेवून गेली, तिनं त्या दिवशी थट्टा केली नाही. तिसरी-चौथीपर्यंत बाईंच्या बोटांची कातडी फाटली. आधीच्या तीन चाकांनी ती पातळ झालीच होती. पाण्यात लाल रेघ दिसली तेव्हा त्यांनी हात थांबवला, कागदाकडे बघितलं, आणि कागद माझ्यापुढे धरला.

"आज वर्ग तू घे, अक्का. जोर नको लावू."

साऱ्या जन्मात मला कोणी नोकरीवर घेतलं असेल, घरात घेतलं असेल, पण असा मान मला कोणी दिला नाही. मी घासत होते आणि त्या चष्मा लावून शेजारी बसून बघत होत्या. सहावीच्या कागदात मला एकदा नापासही केलं. मी मुकाट्यानं पाचवीत परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या माहेरच्या कापसानं शेवटचा हात आम्ही दोघींनी मिळून फिरवला. चाक गाडीला लावलं, नट आवळले, जॅक काढला. आता चारांतलं कोणतं चुन्याचं होतं हे मलाही सांगता आलं नसतं.

अध्यक्ष दुपारी एकटाच आला. गाडीभोवती एक चक्कर मारली. त्या चाकापुढे वाकला, खिशातून कंगवा काढला आणि चाकात बघून केस विंचरले. भांग नीट पडल्यावर उठला.

"चावी तुमच्यापाशीच राहू द्या," म्हणाला, आणि गेला.

संध्याकाळी टपावर तसबीर बांधली, झेंडूचे हार सोडले. बाई पांढरी साडी नेसून स्टिअरिंगमागच्या सीटवर बसल्या, मला शेजारी बसवलं. मी नाही नाही म्हणत होते, मी मागे बायांत चालते. तर म्हणाल्या, कागद धरलास तर आता सीटही धर. ढोल सुरू झाला आणि गाडी चालायला लागली. चालायला म्हणजे, माणसांच्या पावलानं. पोरं नाचायला थांबली की थांबायचं, पुढे सरकली की सरकायचं. बाईंचा डावा पाय क्लचवर अर्धा दाबलेला, उजवा ब्रेकवर. रोडवर ट्रकांची रांग आमच्यासाठी थांबली होती. त्या दिवशी बाईंनी एकाही ट्रकाच्या चाकाकडे बघितलं नाही. लोक दुकानांच्या पायऱ्यांवर उभे राहून आधी तसबिरीला हात जोडायचे, मग काचेतून आत बघायचे, मग एकमेकांना कोपरानं ढोसायचे. एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं विचारलं, बाई चालवून राह्यली का? कोणीतरी ओरडून सांगितलं, हो बाबा, म्याडम. मी सीटवर इतकी ताठ बसले होते की पाठ दुखायला लागली.

बसस्टँडाजवळच्या चढावर नाच फार वेळ चालला. क्लच जळाल्यासारखा वास यायला लागला. ड्रायव्हर ठरलेला तो पोरगा खिडकीशी आला आणि मी घेऊ का विचारलं. बाई म्हणाल्या, "आपण पुढे चालावे." तो पुढे चालला. चढावर गाडी बोटभरही मागे सरकू न देता बाईंनी ती धरून ठेवली.

परत विहारापुढे आलो, त्यांनी गाडी बंद केली, हँडब्रेक ओढला. लोक वंदनेसाठी आत जायला लागले. मी उतरले, त्या उतरेनात. मी म्हटलं, चला बाई, वंदना सुरू होईल. त्यांनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, "पाय नाही उचलत, अक्का. थरथरून राह्यले. उतरली तं पडीन. तू जाय." आणि बाया-माणसं गाडीपुढे येऊन वर तसबिरीला हात जोडून जात होती, तर बाई आतून प्रत्येकाला हात जोडत होत्या. मी म्हटलं, ते तुम्हाला नाही करत नमस्कार. तर म्हणाल्या, "समजते मले. पण परत तं कोणी करा लागन ना."

अध्यक्ष विहाराच्या पायरीवर उभा होता. त्यानं तिथून गाडीकडे बघितलं. खाली उतरून खिडकीपाशी आला, बाईंच्या गुडघ्यांकडे एक नजर टाकली, आणि काही न विचारता माघारी वळला. माईक हातात घेतला आणि म्हणाला, या वर्षी वंदना आत नाही, इथेच, गाडीभोवती घेऊ. आत गेलेले लोक बाहेर आले. सगळे जमिनीवर बसले, गोल करून, मध्ये ती पांढरी गाडी, टपावर तसबीर, खाली चार चाकं, आणि स्टिअरिंगमागे आमच्या बाई, हात जोडून. वंदना त्यांनीच उचलली. आवाज साऱ्यांच्या वर होता.

त्या वर्षी वंदना बाहेर का झाली म्हणून लोक अजून विचारतात. अध्यक्ष सांगतो, आत फार उकडत होतं.